पाण्याची पाळी

१७ फेब्रुवारी १९८६
आज अर्धा तास मी काहीच शिकवलं नाही — आणि बालवाडी झकास चालली! दोघं माती मळत होती, तिघं शेंगा सोलत होती (खात जास्त होती). चिमुरडी कडू आपल्या झग्याच्या एकाच बटणाशी केव्हाची झटत होती. माझे हात शिवशिवायला लागले. तर म्हणते, "ऱ्हाऊ द्या बाई, मी लावायले ना!" परभणीला प्रशिक्षणात सुमंगलाताई बजावायच्या, मुलाच्या हातातलं काम काढून घेऊ नका. त्यांना बोलायला काय जातंय!

झरी गावाचा प्रश्न मात्र एकच. "बाई, पोरं नुसती खेळायलीत. शिकायलीत कवा?"

मधल्या सुट्टीत पाणीसुद्धा मुलंच वाटतात. भिंतीवर प्रत्येकाचं चित्र लावलंय. रोज पुढच्या चित्राची पाळी. माठातून तांब्यात, तांब्यातून पेल्यात. आज ओसरीभर तळं झालं. पुसलंही त्यांनीच.

१८ फेब्रुवारी
नर्मदाबाई आल्या होत्या. कडूची आजी, बालवाडी भरते ती ओसरी त्यांचीच. भिंतीकडे बोट करून म्हणाल्या, "उद्या कुणाची पाळी?"

उद्या मनकर्णाची. बौद्धवाड्यातून येणारी ती एकटीच.

"शिकू द्या की पोरगी. मी न्हाई म्हणायले का? पर पाण्याला हात न्हाई लावायचा तिनं. लावला तर वसरी मोकळी करा, बाई."

अगदी गोड आवाजात! म्हणून जास्तच संताप आला. पण ही जागा गेली तर दुसरी कुठली? मारुतीच्या देवळात तर मनकर्णाला आतही घेणार नाहीत.

१९ फेब्रुवारी
भ्याले. पाणी मीच वाटलं. म्हटलं, आज बाईंची पाळी! टाळ्यासुद्धा वाजवल्या — लाज वाटते लिहिताना.

मनकर्णा आपल्या चित्राखाली जाऊन उभी राहिली. रडली नाही. उभीच राहिली. कडूनं पेला घेतला नाही. "मला न्हाई तान." मग तिच्या शेजारच्यालाही नव्हती. मग कुणालाच नव्हती! मी तांब्या धरून मधोमध.

दिवेलागणीला मनकर्णाची आई आली, गीताबाई. शेतातून तशीच. बस म्हटलं तर बसली नाही.

"बाई, पोरीची पाळी यायचीच नसंल तर चित्र कशाला लावलं?"



२० फेब्रुवारी
आज बालवाडी बंद ठेवली. ठरवलं. ओसरी जाईल तर जाईल, लिंबाखाली बसू. ऊन लागेल, ढोरं येतील, निम्मी मुलं येणार नाहीत. चालेल. गीताबाईच्या घरी जाऊन सांगितलं, उद्या पोरीला नक्की पाठवा. ती म्हणाली, "बघा हां बाई." मग नर्मदाबाईंकडे गेले. उद्या पाणी मनकर्णाच वाटणार, हे सांगून टाकलं. त्यांनी सुपातली ज्वारी निवडणं काही थांबवलं नाही.

"येते मी सकाळी," एवढंच म्हणाल्या.

२१ फेब्रुवारी
आल्या. सुट्टीपर्यंत दाराशी बसून होत्या. मनकर्णानं जीभ बाहेर काढून, अगदी सावकाश पेला भरला. वाटायचं दारापासून, असा आमचा नियम. माझ्या लक्षातच नव्हतं! ती थेट त्यांच्यापुढे जाऊन उभी.

"घ्या की आजी, सांडल."

नर्मदाबाईंनी पेला घेतला. कितीतरी वेळ नुसता हातात धरून बसल्या. मग कडूला जवळ ओढलं.

"माझ्याच्यानं न्हाई व्हायचं आता. तू पी."