उसनी नाडी

दि. ५ मार्च

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आज ते केवळ वयाने मोठी आहे म्हणून देते आहे.

आधी घडले ते क्रमाने मांडते. तुझी भाची, माझी लेक खारू, दोन वर्षांत दोनदा व्हायोलिन खाली घेऊन रंगमंचावरून भीतीने अर्ध्यात परतली. जानेवारीत तू तुझे बायोफीडबॅकचे यंत्र माझ्या व्हायोलिनच्या वर्गात आणलेस. बोटाला चिमटा लावायचा, पडद्यावर आपल्याच नाडीची रेघ पाहायची आणि श्वास लांबवून ती संथ करायची, असे तू सांगितलेस. आठ आठवडे पोरीने ते निष्ठेने केले. काल सरावानंतर तिने चिमटा काढून टेबलावर ठेवला आणि ती हात धुवायला गेली. रेघ चालूच राहिली. लाकडी टेबलाला नाडी असते, हे शास्त्र मला ठाऊक नव्हते.

वीस तारखेला वाद्यवृंदाची निवड-चाचणी आहे. आपण भीतीला वेसण घातली, अशी तिची समजूत आहे. ती रेघ कोणाची होती?

तुझी ताई

दि. ८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

कान तुझ्याच हातात आहे, हवा तितका पीळ. माझा प्रयोगच असा होता: निम्म्या विद्यार्थ्यांना स्वतःची रेघ दाखवायची आणि निम्म्यांना दुसऱ्याच कुणाची तरी आधी नोंदवलेली, म्हणजे गुण यंत्राचा की नुसत्या विश्वासाचा ते कळते. चिठ्ठ्या टाकल्या, त्यात खारू दुसऱ्या गटात गेली. मला पहिल्या दिवसापासून माहीत होते. भाची म्हणून चिठ्ठी बदलली असती, तर अप्रामाणिक म्हणणारी पहिली तूच असतीस.

तिची खरी नोंद माझ्याकडे आहे. वाजवताना मिनिटाला एकशे बत्तीस ठोके. जानेवारीतही आणि आताही. तरी गेल्या महिन्यात वर्गासमोर ती शेवटपर्यंत वाजवून गेली. तिला त्या विश्वासानेच तारले आहे. वीस तारखेपर्यंत तिला काही सांगू नकोस. माझे प्रगतिपुस्तक बाबांपासून लपवणारी तूच ना?

रागाखाली थोडी माया शिल्लक ठेव.

तुझा धाकटा

दि. ११ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद.

प्रगतिपुस्तक तुझे होते. ही नाडी माझ्या लेकीची आहे. तिचा तुझ्यावर आंधळा विश्वास होता आणि तू तोच मोजायला घेतलास. तुला मी माफ केलेले नाही. तथापि वीस तारखेपर्यंत मी गप्प राहीन, ते तिच्यासाठी. चाचणी होताच तू स्वतः ती राहते त्या वसतिगृहावर जाऊन तिला सारे सांगशील, एकही शब्द न गाळता.

ताई

दि. २१ मार्च

ती. आईस,
सा. न. वि. वि.

तुझ्याच शिस्तीने आधी घटना. बारा तारखेच्या तासाला मी शेवटचा भाग घाईत उरकला आणि तू छान म्हणालीस. चौदा वर्षांत तू मला कधी छान म्हटलेले नाहीस. तेराला मी मामाला गाठले. डोळ्याला डोळा भिडवून त्याला खोटे बोलता येत नाही. त्याने माझी खरी नोंद पुढ्यात ठेवली, तुझी पत्रे दाखवली आणि माझ्याआधी स्वतःच रडला. तुला यातले काही कळवायचे नाही, असे मीच त्याला बजावले.

चौदापासून एकोणीसपर्यंत सहाही दिवस सकाळी मी तुझ्यासमोर बसले. रोज वाटे, आज तू सांगशील. तू गजाची पकड नीट केलीस, खिडकी बंद केलीस, नव्या तारा कुठल्या घ्याव्यात ते सांगितलेस.

काल मी ते एकशे बत्तीस ठोके घेऊनच उभी राहिले. मधे एक सूर फाटला, पण वाजवणे सोडले नाही. निवड झाल्याचे फलकावर पाहिले असशीलच.

मामाने फसवले ते चिठ्ठी टाकून. माझ्या जागी दुसरी कुणी असती, तरी त्याने तेच केले असते. तू मात्र चौदा वर्षे मलाच ऐकत आली आहेस. खरे कळले की मी कोसळेन, हे तू माझ्या कुठल्या वाजवण्यावरून ठरवलेस? वसतिगृहावर येऊन जवळ घेऊ नकोस, मामाला मधे घालू नकोस. उत्तर लेखी हवे. ते मिळेपर्यंत मी तासाला येणार नाही.

तुझीच,
खारू