टिचकीचा कायदा

बेगम बाजार, हैदराबाद
१ ऑगस्ट २०२५

चि. मृण्मयीस, मामाचे दुकानाच्या गादीवरून भरघोस आशीर्वाद.

त्या एका फोनची खरी किंमत सांगतो : साठ पितळी घागरी, टेम्पोचं भाडं आणि दुकानातल्या सत्यवतीबाईंची सव्वीस वर्षांची नोकरी. कुणीतरी यंत्राकडून माझा आवाज बनवून दुकानात फोन केला आणि बाईंनी माल देऊन टाकला. आपल्याकडे चिठ्ठी नसते, किशोरसेठचा आवाज हीच चिठ्ठी. मग ऐकणाऱ्याने कान उघडे नकोत ठेवायला? बसवलं त्यांना घरी.

आता खरी बातमी. या यंत्रबुद्धीच्या कायद्यासाठी आमदारांची समिती व्यापाऱ्यांचं म्हणणं ऐकणार आहे, आणि बाजाराने माझं नाव दिलंय. एके काळी सायकलवर घागरी बांधून विकणारा तुझा मामा आमदारांना कायदा सांगणार! शेरवानी इस्त्रीला गेलीय. तुझी विमलमामी म्हणते, लग्नात इतके उतावीळ नव्हतात.

सांगणार एवढंच, कायदा नक्को, कान हवेत. नुसत्या टिचकीवर घागरीचा तडा ओळखणारा माणूस मी. नकली आवाज दोन शब्दांत पकडेन. फसला त्याची चूक. तू वकील, भाषण तपासून धाड. पत्रानेच धाड, फोनवर मी मीच आहे हे तुला कसं कळणार?

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा किशोरमामा


पुणे
६ ऑगस्ट २०२५

ती. किशोरमामांना सा. न.

तुमची बातमी आईने आमच्या अख्ख्या इमारतीत पोचवली. मलाही ऑफिसात काम सुचेना.

पण मामा, भाषण चुकलंय. तुम्ही रोज सकाळी सहाशे दुकानदारांना आवाजी निरोपाने भाव कळवता. त्यातूनच कुणीतरी तुमचा आवाज उचलला, यंत्राला शिकवला. त्याला सोडून तुम्ही शिक्षा केलीत ती बाईंना. दुकानाचा फोन बोलणं साठवून ठेवतो ना? ते एकदा तरी ऐकलंत का? ऐका, आणि मगच आमदारांपुढे उभे राहा.

मामींना नमस्कार. रागावलात तरी मायेतला माझा वाटा राखून ठेवा.
तुमची मृण्मयी


बेगम बाजार, हैदराबाद
१६ ऑगस्ट २०२५

चि. मृण्मयीस, मामाचे दुप्पट आशीर्वाद.

जोरात झालं! पाच मिनिटं दिली होती, पंचवीस घेतली. कायदा नक्को वगैरे एक अक्षर बोललो नाही. म्हटलं, साहेब, मी तडा गेलेली घागर विकली तर तुम्ही मला धरता, गिऱ्हाइकाला टिचकी शिकवत बसत नाही. मग आवाज बनवून विकणाऱ्यालाही धरा. मला विचारल्याशिवाय माझा आवाज कुणी घेऊ नये, आणि यंत्र बोलत असेल तर त्याने पहिल्याच शब्दात तसं सांगावं. एका आमदारांनी दोनदा थांबवून लिहून घेतलं.

मागच्या खुर्चीवर सत्यवतीबाई होत्या. आदल्या दिवशी नारायणगुड्याला त्यांच्या घरी जाऊन चूक कबूल केली. साठवलेलं बोलणं ऐकलं तेव्हा कळलं, घागरी गेल्या त्या दिवशी फोनवर त्यांनी तीनदा विचारलं होतं, "सेठ, पक्का ना?" आणि तो नकली तिन्ही वेळा माझ्यासारखाच खेकसला होता. बाई परत येतायत, पण अट घालून : "चिठ्ठीशिवाय माल निघणार नाही. तुम्ही स्वतः समोर उभे असलात तरी." मी हौ म्हटलं.

आईला सगळं सांग, खालचं सोडून.
तुझाच, किशोरमामा

ता. क. त्या दिवशीचे माझ्या आवाजातले दोन फोन साठवलेले होते, एक माझा, एक नकली. पहिलाच लावून विमलला दाखवलं, आवाज कसा पोकळ आहे, श्वास कसा खोटा आहे. तिने वेळ पाहिली. तो सकाळचा होता, मीच केलेला.