आल्हादचा श्वास

८ ऑक्टोबर

पोचले एकदाची जबलपूरला. सिवनीच्या पुढे बसवाल्यानं अशी काही गाडी हाणली, की पाठीचे मणके एकेक करून आपापली ओळख सांगायला लागले. बायॉलॉजीच्या बाईंना तेवढीच उजळणी. हेममावशी स्वतः स्टँडवर घ्यायला आली होती. मला बघून तिथल्या तिथेच रडली. मी म्हटलं, अगं, नोकरीला आलीये, सासरी नाही.

मावशी म्हणजे आईची धाकटी बहीण, आईला मीनाताई म्हणते. चंद्रशेखरकाका फॅक्टरीत आहेत, म्हणून रांझीला क्वार्टर. पुढे पेरूचं झाड, मागे अंगण, आणि मला चक्क स्वतंत्र खोली! नागपुरात आईबरोबर एका खोलीत जन्म गेला माझा; इथं खिडकीला माझ्या आवडीचा पडदा लावणार. लई भारी वाटून राहिलं. शाळेतली ही नोकरीसुद्धा मावशीनंच शोधली. आई, तू एकटी पडशील म्हणून मी कुरकुरले, तर तिनंच माझी बॅग भरली.

मावशीच्या आल्हादला कितीतरी वर्षांनी बघितलं. सतराचा झालाय. स्नायू झिजण्याचा आजार आहे त्याला. खुर्चीतून उठता येत नाही, दोन वाक्यं बोलला की धाप लागते. पण तोंड चालू. मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीत. मला दीदी म्हणतो. म्हणाला, पहली बायो टीचर देखी जो डरावनी नहीं है. आमचं जमणार.

१३ ऑक्टोबर

अकरावीचे पोट्टे वांड आहेत, पण गोड. लॅबमध्ये प्लास्टिकचा सांगाडा आहे, एक हात गायब, त्याला ते प्रिन्सिपल सर म्हणतात. आज श्वसन शिकवलं. सांगितलं की आपण हवा ओढत नसतो. स्नायू फासळ्या वर उचलतात, छातीखालचा पडदा खाली सरकतो, आत जागा होते आणि हवा आपली आपण येते. हाडं बिचारी ओढतील तिकडे जातात. आणि स्नायूला फक्त ओढता येतं, ढकलता येत नाही. कादंबरी नावाच्या मुलीनं विचारलं, मग दार ढकलतो कसं? म्हटलं, तेव्हाही आत कुठला तरी स्नायू ओढतच असतो बाई.

घरी आल्हादचं तीन गोळ्यांचं यंत्र आहे, फिजिओथेरपीवाल्यानं दिलेलं. नळी तोंडात धरून श्वास घेतला की गोळ्या वर चढतात. त्याची एक गोळी जेमतेम हलते. मी शायनिंग मारायला तिन्ही वर नेल्या आणि धरून ठेवल्या. मावशी कणीक मळायची थांबली. जवळ येऊन तिनं कणकेच्या हातानंच माझ्या बरगड्या चाचपल्या. म्हणाली, मीनाताईनं पोरीला छान वाढवलं. ड्रेस खराब झाला.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. मला सख्खा भाऊ नाही, म्हणून आल्हादला फार हौसेनं ओवाळलं. मावशीनं पाट, रांगोळी, सगळं साग्रसंगीत मांडलं होतं. ओवाळताना माझं आयुष्य तुला लागो असं म्हणायचं, ते मी नेहमीसारखं हसत म्हटलं. मावशीनं पुन्हा म्हणायला लावलं. म्हणाली, हसून काहून राहिली? मनापासून म्हण, त्याच्या श्वासाला श्वास लावून म्हण.

माझ्यातली मास्तरीण जागी झाली. मी आल्हादचा तळवा माझ्या बरगड्यांवर ठेवला आणि सांगितलं, मी घेते तेव्हा घे, मी सोडते तेव्हा सोड. आणि तसं म्हटलं. त्याची लय लगेच जुळली. नंतर गंमत म्हणून यंत्र घेतलं, तर त्यानं दोन गोळ्या उचलल्या! मावशी देवापुढे जाऊन रडली. मी आपली सगळं श्रेय माझ्या शिकवण्याला देऊन बसले. काका मात्र ताटावरून उठून बाहेर गेले.

माझ्या छातीत जरा चमक भरलीये. पुरणपोळ्या जास्त झाल्या असतील.

२९ ऑक्टोबर

आल्हाद उभा राहिला. भिंतीला धरून का होईना, पण स्वतःच्या पायांवर. फिजिओथेरपीवाला दोनदा मांडी दाबून बघत होता, चेहरा बघण्यासारखा झाला होता त्याचा. मावशीनं क्वार्टरच्या सगळ्या लाइनीत खोव्याची जलेबी वाटली.

मी मात्र ढेपाळले. वर्ग वरच्या मजल्यावर आहे, जिन्यात मध्येच बसावं लागतं. पोट्टे म्हणतात, मॅडम, प्रिन्सिपल सर को भेज दें क्या आपकी जगह? घमापूरच्या डॉक्टरांनी रक्त, फोटो, सगळं केलं. सगळं नॉर्मल. म्हणाले, हवा बदलली की होतं, टॉनिक घ्या. टॉनिकची चव गंजलेल्या खिळ्यासारखी आहे.

४ नोव्हेंबर

हे लिहायला लाज वाटते. मी एमएस्सी झालेली बाई आहे.

आज चहाला आल्हाद समोर बसला होता. तो श्वास घेतो तेव्हा मला घेता येत नाही. बरगड्या उचलल्याच जात नाहीत. तो सोडतो तेव्हा थोडी हवा मिळते. मुद्दाम लय मोडून बघितली, नाही मोडत. दुपारी तो झोपला की मला बरं वाटतं.

त्याच्या दंडाला गोलाई आलीये. माझ्या हातातली बांगडी कोपरापर्यंत सरकते. मावशीला म्हटलं, तर ती म्हणाली, तू वाळली नाहीस, आधी जाड होतीस. मी जाड कधीच नव्हते.

९ नोव्हेंबर

सगळे आल्हादला घेऊन भेडाघाटला गेले. मला झेपलं नसतं. खाटेवर पडून वाटलं, चला, इतक्या लांब गेलाय, आज पोटभर श्वास घेऊ.

अकरा वाजता सुरू झालं. एक पायरी. माझ्या मांड्यांत काहीतरी पिळलं गेलं, ओला कपडा पिळावा तसं. मग दुसरी. प्रत्येक पायरीला माझा श्वास खालून उपसला जात होता. ओरडायलाही हवा नव्हती.

संध्याकाळी आल्हादनं फोटो दाखवले. चौसष्ट योगिनी मंदिराच्या पायऱ्या तो आपल्या पायांनी चढला. वर उभा राहून दोन्ही हात पसरलेत. म्हणजे लांब गेल्यानं काही फरक पडत नाही. आता पळून तरी कुठं जाऊ?

१२ नोव्हेंबर

शाळेनं रजा लावली. आज आल्हादला सगळं सांगितलं. वाटलं, हसेल. तो हसला नाही. त्याला माहीत होतं.

मी हात जोडले. म्हटलं, थोडा वेळ श्वास धर, मला एक घेऊ दे. त्यानं डोळे मिटले आणि धरला. आणि माझ्या छातीत हवा आली, खाली, अगदी तळापर्यंत. मी रडले. मग त्याला त्रास व्हायला लागला, त्यानं पुन्हा श्वास घेतला, आणि माझं दार बंद.

पुन्हा धर म्हटलं, तर मान फिरवली. म्हणाला, दीदी, मुझे भी तो जीना है. लाडका होता माझा.

१४ नोव्हेंबर

मावशीनं माझ्या पायांना तेल लावता लावता सांगितलं. आवाज न चढवता.

मी तिची पहिली मुलगी. आईला मूल होत नव्हतं, म्हणून बारशाच्याच दिवशी मावशीनं मला बहिणीच्या ओटीत घातलं. तेव्हा आईनं शब्द दिला होता, तुला कधी गरज पडली तर ही तुझी. आल्हाद माझा सख्खा भाऊ. सख्खीचंच आयुष्य लागतं म्हणे, मावस बहिणीचं लागत नाही. म्हणून मला बोलावली.

मी विचारलं, मग मी कोण तुझी? तर म्हणाली, तूही माझीच गं, पण तू तिच्याकडे सुखात पंचवीस वर्षं जगून झालीस, त्यानं काय पाहिलं?

यातून सुटका कशी, तेही सांगितलं. शब्द आईनं दिला, तेव्हा आईनंच तोंडानं मला परत मागितलं तर सुटेल. आणि कोणाच्या मागण्यानं नाही. काका दारात उभे होते. जमिनीकडे बघत.

१५ नोव्हेंबर

आईला फोन. दोन शब्द आणि धाप, दोन शब्द आणि धाप. तिला वाटलं नेटवर्क नाही.

माहीत होतं तिला. सगळं. बॅग भरताना माहीत होतं. माझा आवडता हिरवा ड्रेस घडी करून ठेवताना —

मी तिला शिव्या दिल्या. आयुष्यात पहिल्यांदा. मग माफी मागितली. मग म्हटलं, आई, एकदा माग मला. एकदाच म्हण.

खूप वेळ रडण्याचा आवाज. मग म्हणाली, येते मी.

येते म्हणाली.

१७ नोव्हेंबर

अंगावर हाडंच उरलीत. हात लावून नावं घेते. जत्रुक. उरोस्थी. वेळ जातो.

पेन धरायला स्नायू लागतात, बोटांत नसतातच ते, मनगटाच्या वर असतात, तिथून ओढतात — माझ्याकडे आता —

आल्हाद अंगणात क्रिकेट खेळतोय. बॅट फिरते आणि मी —

आई निघाली. उद्या पोचेल.

१८ नोव्हेंबर

आली. आई आली.

मला बघून भिंत धरली तिनं. मांडीवर घेतलं. केस विंचरले. तिच्या साडीला घरचा वास.

म्हटलं, माग. आई, माग ना —

म्हणाली, हो बाळा. हो हो.

उठली. बाहेर गेली. दार उघडं आहे. दिसतंय मला. मावशी उभी. काका. आता बोलेल. आता —

आल्हाद आला. पाया पडला तिच्या.

ती बघतेय. वरून खाली. दंड दाबून बघितले त्याचे — चेहऱ्यावरून हात —

मावशीनं विचारलं, मागतेस हिला? आईनं मान हलवली. नाही अशी.

आई इकडे बघ. आई —

त्याला पुढ्यात बसवलं. पाठीवर हात. माझ्या पाठीवर ठेवायची तसाच.

सांगतेय त्याला — मोठा श्वास घे, राजा — अजून मो