न खाल्लेल्या तेलाचा ठपका

बाबा, परवा माझ्या रक्ताचा रिपोर्ट आला. कोलेस्टेरॉल जवळजवळ तुमच्याएवढं आहे, आणि लघवीतून प्रथिनं जातात तीही तुमच्यासारखीच. कोलार रोडवरच्या आमच्या घरून नेहरू नगरला डॉक्टरकडे जाताना मी रिक्षात सगळी उत्तरं तयार करत होते. सकाळी काय खाते, रात्री काय खाते, तूप कधी सोडलं. डॉक्टर म्हणजे माझ्या मुलीच्या वयाची पोरगी. मी सुरुवात केली, "मैं तो तला-भुना खाती ही नहीं." तिनं रिपोर्टवरून नजरही उचलली नाही. म्हणाली, "जानती हूँ, आंटी. खाने से इतना नहीं बढ़ता. ये किडनी का ही किया-धरा है." मग तिनं समजावून सांगितलं. मूत्रपिंडातून प्रथिनं गळू लागली की ती भरून काढायला यकृत जोरात कामाला लागतं, आणि त्या घाईत रक्तात चरबीही जास्त सोडतं. ती साफ होण्याचं कामही मंदावतं. गोळी घ्यायची, पथ्य ठेवायचं, पण स्वतःला दोष द्यायचा नाही. तिनं माझ्यावर विश्वास ठेवला, बाबा. मला काही पटवून द्यावंच लागलं नाही. बाहेर येऊन मी औषधाच्या दुकानाच्या पायरीवर बसले आणि मोठ्यानं रडले. दुकानदार पाणी घेऊन आला. त्याला वाटलं, काहीतरी भयंकर निघालं असेल.

तुमचा पहिला रिपोर्ट आला तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. पायाला सूज होती, सकाळी डोळ्यांखाली फुगायचं. कोलेस्टेरॉल वाढलंय, तेल-तूप कमी करा, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. आईला तुम्हाला नाही म्हणता येत नसे, म्हणून स्वयंपाकघर मी ताब्यात घेतलं. तुमची भाजी पाण्यात शिजायची, पोळी कोरडी असायची. तुमचा डबाही मीच भरायची. तीन महिन्यांनी पुन्हा रक्त तपासलं तर आकडा खाली यायचा सोडून वर गेलेला. तुम्ही कारखान्यात इन्स्पेक्शनला. आयुष्यभर मायक्रोमीटर लावून जॉब, म्हणजे घडवलेले सुटे भाग, पास नाहीतर रिजेक्ट केलेत. मोजमाप आलं की वाद संपला, हे आपल्या घरातही चालायचं. माझी उंची तुम्ही दाराच्या चौकटीवर स्टीलच्या पट्टीनं मोजायचात आणि मी टाचा उचलल्या तर पुन्हा मोजायचात. त्यामुळे त्या आकड्यापुढे तुम्ही स्वतःची बाजू मांडलीच नाहीत. तो कागद खिडकीपाशी नेऊन कितीतरी वेळ बघत राहिलात आणि आईला विचारलंत, "डाळीला फोडणी देतेस का गं?"

"नाही हो. नुसतं जिरं भाजून घालते."

"मग कढईलाच आधीचं तेल लागलेलं असणार."

दुसऱ्या दिवशी ड्यूटीवरून परस्पर जवाहर चौकात जाऊन तुम्ही नवी कढई आणलीत, फक्त तुमच्यासाठी. ती वेगळ्या खिळ्याला टांगायची, कुणी हात लावायचा नाही. तुम्ही स्वतःच्या जिभेपेक्षा कढईवर संशय घेतलात. मी तेवढंही केलं नाही. मी सरळ ठरवून टाकलं की तुम्ही कारखान्याच्या कँटीनमध्ये चोरून खाता.

तो रविवार अजून माझ्यासमोर आहे. बाहेर पाऊस लागलेला आहे. क्वार्टरच्या व्हरांड्यात तुम्ही आणि कारखान्यात तुमच्याबरोबर काम करणारे तिघं पत्ते खेळताय. आई कांदाभजी घेऊन येते. तुमचा हात पत्त्यांवरच आहे, ताटलीकडे तुम्ही बघतही नाही. तरी मी ताटली उचलते आणि पलीकडे सरकवते. "इनके सामने मत रखिए, अंकल. बाबा कँटीन में छुपके खाते हैं. रिपोर्ट में सब आ जाता है." त्या तिघांतले मिश्राअंकल हसतात, "लो भाई! बिटिया तो इंस्पेक्टर की भी इंस्पेक्टर निकली. अब तो रिजेक्ट हो गए आप!" सगळे हसतात. तुम्हीही हसता, पण कान लाल झालेले आहेत. हातातलं पान टाकून तुम्ही उठता, मोरीत जाता आणि साबण लावून हात धुता. काही खाल्लेलं नसताना.

नंतरच्या जानेवारीत, पहिल्या पाळीला जाताना, सायकल स्टँडपाशी तुमच्या छातीत कळ आली. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तेराव्याला नागपूरहून आलेली आत्या सगळ्यांसमोर म्हणाली, "दादाचा जिभेवर ताबा नव्हता, पहिल्यापासून." आईनं माझ्याकडे बघितलं. मी वाट्या मांडत होते, मांडत राहिले. आमच्या नातेवाइकांत तुमच्याबद्दल अजूनही हेच बोललं जातं. काल मी आत्याला फोन केला. ती आता नव्वदीला आली आहे, ऐकू कमी येतं. डॉक्टरनं सांगितलेलं सगळं मी ओरडून ओरडून सांगितलं. ती म्हणाली, "बरं बरं, तू जप हो. तूप खाऊ नकोस."

आता जे लिहायचं आहे ते मी आईलाही कधी सांगितलं नाही. मला हे सगळं परवा कळलं, असं वरचं वाचून वाटेल. मूत्रपिंडाचं परवा कळलं, ते खरं. पण त्या रविवारनंतर महिन्याभरात विश्वकर्मा पूजा, कारखान्यातल्या यंत्रांच्या पूजेचा दिवस, आली. कारखान्याचं गेट त्या दिवशी घरच्यांसाठी उघडतं, तसे आम्हीही आलो. तुम्ही आईला तुमचं टेबल दाखवत होतात, तेवढ्यात मी कँटीनकडे गेले आणि बुंदी वाटणाऱ्या माणसाला तुमचं नाव सांगून विचारलं, काय काय खातात हे? तो म्हणाला, "साहब? अरे बेटा, महीनों हो गए, हमारे यहाँ की चाय तक नहीं छूते. घर का डिब्बा खोलते हैं, उसमें रूखी रोटी. हम तो चिढ़ाते हैं, साहब, डिब्बा जेल से आता है क्या?"

परत येताना तुम्ही तुमच्या वाटची बुंदी माझ्या हातावर ठेवलीत आणि विचारलंत, "कुठे गेली होतीस?" मी म्हटलं, मशीन बघत होते. खरं सांगितलं असतं तर त्या रविवारची माफी मागावी लागली असती, आणि ती तुमच्या मित्रांसमोर मागणं मला जमलं नसतं. त्यानंतर चार महिने तुम्ही होतात, बाबा. रोज सकाळी डबा मीच तुमच्या हातात देत होते. आजही तुम्ही समोर असतात, तर हा लिहिलेला कागद घडी करून मी माझ्याकडेच ठेवला असता.