भिंतीतली खोली

स्कॉटलंड, ३ फेब्रुवारी २०२५

ती. बाबांना सा. न.

फोन लागत नाही म्हणून रागावू नका. हा एका कुळाचा जुना कॅसल आहे आणि त्याच्या आठ फुटी भिंतींत रेंज येत नाही. दुरुस्तीचं काम शिकायला आले आणि नुसती बघतच राहते आहे. मधोमध पाचशे वर्षांपूर्वीचा उभा दगडी मनोरा, मग प्रत्येक पिढीने जोडलेला एकेक भाग, वर कोपऱ्यांतून बाहेर झुकलेले गोल बुरूज. जोड दिसतात, तरी सगळं एकाच हातचं वाटतं.

एक काळजी आहे. दिवाणखान्याच्या उत्तरेकडच्या भिंतीतून मार्चमध्ये पाइप न्यायचे आहेत. माझ्या मापात ती भिंत बाकीच्या भिंतींपेक्षाही फारच जाड येते. मुख्य आर्किटेक्ट बाई म्हणतात, नवी आहेस, चुकली असशील. नकाशा सोबत पाठवते.

माया आहेच, ती अशीच असू द्या.
मैत्रेयी

बिशान, सिंगापूर, १४ फेब्रुवारी

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

नकाशा जेवणाच्या टेबलावर पसरलाय, त्यामुळे आईने ताटं सोफ्यावर दिली. तुआसच्या गोदीत जहाजं बांधण्यात जन्म गेला, म्हणून आकडे पुन्हा जुळवले. तुझं चुकलेलं नाही. त्या भिंतीत माणूस मावेल एवढी जागा आहे. आधी बारीक भोक पाडून कॅमेरा घाला म्हणावं. नवी आहेस म्हणून गप्प बसू नकोस.

माझ्या मित्राने, रुचिरने, इथल्या वन-नॉर्थ भागातल्या त्याच्या ऑफिसात तुझ्यासाठी जागा धरून ठेवली आहे. शिकणं झालं की सरळ घरी ये. तुझ्याशिवाय फ्लॅट मोठा वाटतो.

आठवण ठेवून असावे.
बाबा

स्कॉटलंड, ९ मार्च

ती. बाबांना सा. न.

कॅमेरा आत गेला आणि सगळे पडद्याभोवती जमले. भिंतीच्या पोटात खोली आहे. दगडी बाक, आणि खाली दिवाणखान्यात उतरणारी निमुळती फट. पाहुणे आपल्याबद्दल काय बोलतात ते घराचा धनी इथे बसून ऐकायचा. पाइप आता दुसरीकडून जातील.

तिथे जाणारी बुजवलेली वाट मोकळी केली, आणि काल मी त्या बाकावर बसले होते. खालून माझं नाव ऐकू आलं. बाई कुणाला तरी सांगत होत्या की ही मुलगी इथे हवी, पण तिला घरी बोलावलंय, विचारायचं कसं. मी खाली गेले आणि म्हटलं, विचारा. दोन वर्षांची नोकरी आहे. उत्तर अजून दिलेलं नाही. बाबा, मला राहायचं आहे. तुम्ही नको म्हणालात तर येईन, पण मन लागणार नाही.

रागावलात तरी लोभ कमी करू नका.
मैत्रेयी

बिशान, २० मार्च

चि. मैत्रेयीस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आईला वाचून दाखवत होतो. शेवटचं तिने पत्र हातातून घेऊन स्वतःच वाचलं. म्हणाली, माझं ठरलंय, तुमचं काय ते तुम्ही लिहा.

मी खाली पार्कात दोन फेऱ्या मारून आलो. बांधलेल्या जहाजांपैकी आज किती तरंगत असतील, मला माहीत नाही. तू वाचवलेली भिंत माझ्या पणतवंडांनाही बघता येईल. तिथून मुलीला ओढून आणणारा बाप मला व्हायचं नाही. त्यांना हो म्हण. रुचिरशी मी बोलतो.

मेमध्ये आम्ही दोघं येतोय. आईने कालच लोकरीचा कोट आणला, आणि आत्ता एसी पुरता वाढवून, तो कोट घालून ती भाजी निवडते आहे.

सुखी राहा, लिहीत राहा.
बाबा