तांबडी पट्टी

मंगळवार, रात्र

डोकं अजून तापलंय. मुंबईवर विमानांची गर्दी होणार, दिल्लीची विमानं तिथेच जमिनीवर थांबवा, असं आमच्या कंट्रोल रूममधल्या सिस्टिमने दुपारीच तांबडी पट्टी दाखवून सांगितलं होतं. साहेब म्हणाले, "मशीन घाबरट आहे, येऊ देत." आली, आणि शहापूरवर घिरट्या घालत बसली. मग साहेबांनी वर काय कळवावं? सिस्टिमने इशाराच दिला नाही! अरे, त्या तांबड्या पट्टीवर मी बोट ठेवून दाखवलं होतं!

उशिरा शहापूरला घरी पोचले. आई म्हणाली, "विमाना वरच फिरत व्हती गो. म्हटलं, आज तुला टाइम लागंल. भात टाकलाच नाय."

आईने नुसतं वर बघून भात थांबवला! आणि उद्या खुलासा म्हणे मी लिहायचा. लिहिते ना. पहिल्याच ओळीत तांबडी पट्टी.