त्रिनिदादला मीच जाणार

१२ नोव्हेंबर १९७८
निळी पेन्सिल एकच होती, रोझीची. शाळेत भूगोलाच्या तासाला तिनं ती ब्लेडनं मधोमध कापली आणि अर्धी मला दिली. एका बाकावर बसून दोघींनी समुद्र रंगवला. वेस्ट इंडीजची बेटं इतकी बारीक की रंग आत शिरायचा, बेट बुडायचं. सिस्टर शांतपणे म्हणाल्या, "गर्ल्स, त्यावर माणसं राहतात."
आता रोझीच तिथे राहते. इथे डॉक्टरी शिकायला आलेल्या त्रिनिदादच्या मुलाशी लग्न करून गेली, त्याला पंचवीस वर्षं झाली. काल तिचं पत्र आलं, बरोबर फेब्रुवारीचं तिकीट. डोळे जाताहेत. डॉक्टरांच्या मते फार तर वर्षभर दिसेल. "तू ये. मला तुला बघायचं आहे, नुसतं ऐकायचं नाही."
अक्षर ओळीबाहेर गेलेलं. तिचं, जिला अक्षरासाठी बक्षीस मिळायचं.

१५ नोव्हें.
रोझीच्या सूचना इथे उतरवून ठेवते. या घरात पत्रं हरवतात.
जानेवारी ते मे कोरडं. जूननंतर पाऊस, मग वादळं; तेव्हा यायचं नाही. सुती साड्याच आण, रेशीम अंगाला चिकटतं. समुद्रावर अनवाणी चालायचं नाही. किनाऱ्यावर एका झाडाला छोट्या सफरचंदासारखी फळं येतात, ती विषारी. पावसात त्या झाडाखाली उभंसुद्धा राहायचं नाही, थेंबानं कातडी भाजते. लोणचं आणू नकोस, कस्टमवाले काढून घेतात (तरी लिंबाचं नेणार). पिवळ्या तापाचं इंजेक्शन मुंबईत मिळतं, ते निघण्याआधी दहा दिवस. त्याचं कार्ड नसलं तर परत येताना विमानतळावरूनच सहा दिवस वेगळं ठेवतात. याखाली दोन रेघा.
पासपोर्टचा फॉर्म भरला. सही केली.
मा. जेवताना म्हणाला, "आई, फिरायचंच आहे तर रामटेकला नेतो ना रविवारी."
माझा मुलगा माधव. चौतीस वर्षांचा.

२९ नोव्हें.
पासपोर्टच्या चौकशीचा पोलीस आज येऊन गेला. सायकल अंगणात आली तशी मी तांदळाचं सूप उचलून आत गेले. मा. व्हरांड्यात बोलला. दहा मिनिटं. "झालं," म्हणाला.

२० डिसेंबर
मुंबईहून पासपोर्ट ऑफिसचं पत्र. अर्जदार परदेशी जाऊ इच्छित नाही असा अहवाल आल्यामुळे प्रकरण बंद.
मी तीनदा वाचलं. सुनंदा, माझी सून, कणीक मळताना खालीच बघत होती. मग म्हणाली, "आई, ते पोलिसाला म्हणाले, म्हातारीनं हट्टानं फॉर्म भरला, जायचं कुठे नाही. मी ऐकलं होतं."
"तेव्हा का नाही बोललीस?"
"तुम्ही तरी कुठे बाहेर आलात?"
खरं आहे. पोलीस दारात आला की बायकांनी आत जायचं. सासूबाईंनी लावलेली सवय. तीस वर्षं वर्गात उभी राहून बोलले, आणि माझ्याच अर्जाची चौकशी चालू असताना तांदूळ निवडत बसले. हा राग कुणावर काढू.

रात्री मा.ला विचारलं. "तुझ्या भल्यासाठीच. वाटेत काही झालं तर लोक मला विचारतील."
लोक त्याला विचारतील. रोझी मला बोलावते आहे, ते कुणी विचारत नाही.

२२ डिसें.
पोलीस ठाण्यात गेले. पहिल्यांदाच. घरी चौकशीला आलेला तोच जमादार. "तुमच्या पोरानंच सांगतलं ना बाई, मायले जाच नाही मनून. मंग मी काय लिवू?"
म्हटलं, फॉर्मवर सही कुणाची आहे?
"पोराले आना. घरचा मानूस सांगन तं नवा रिपोट धाडतो."
मुलाला आणणार नाही. बाकावर बसले. पाचला उठले.

२३ डिसें.
अकरा ते पाच. विणकाम नेलं होतं.
"काहून बसून राहिल्या बाई? घरी जा ना."
"तुमच्या रिपोर्टसाठी."
"सोटर कोनाचं?"
"कुणाचं नाही. मला जायचंय तिथे थंडीच नसते."
तो हसला. मी नाही.

२६ डिसें.
तिसरा दिवस. दुपारी त्यानं स्वतःच कागद ओढला. "बोला बाई, काय लिवू." मी सांगितलं, त्यानं लिहिलं, मी वाचून पाहिलं. वरून म्हणाला, "आमची माय अशी बसली असती तं म्या कवाचंच लिवून देल्लं असतं." म्हटलं, तिला विचारून बघा तिला कुठे जायचं आहे.
घरी मा. बोलत नाही. बरंच आहे.

२१ जानेवारी १९७९
मुंबईहून काहीच नाही. तिकीट १२ फेब्रुवारीचं. इंजेक्शनचे दहा दिवस धरले तर हातात जेमतेम बारा दिवस. इथे बसून पत्राची वाट पाहणार नाही. उद्या निघते. पासपोर्टच्या ऑफिसातही बाक असेलच. पासपोर्ट मिळाला तर तशीच पुढे, नाही मिळाला तर… तेव्हा बघू. रोझीला तार केली: निघाले.
सुनंदाला सांगून ठेवलंय, इथेही लिहिते. शिवणयंत्र तिचं. माझी खोलीही तिची, आतून कडी लावता येते. इंग्रजी पुस्तकं शाळेत सिस्टरांकडे. काश्मिरी शाल शेजारच्या लीलाबाईंना, त्यांना संधिवात आहे. विणलेला स्वेटर जमादाराच्या आईला. ठाण्यात द्यायचा नाही, तिच्या हातात द्यायचा. माधवला त्याच्या वडिलांचं घड्याळ आणि मुंबईहून आलेलं ते पत्र.
हे मी मेल्यावर नाही. उद्या गाडी सुटली की लगेच.